गोवर-रुबेला लसीबद्दलचा तो मेसेज पुढे पाठवू नका

शाळेच्या पालक ग्रुपवर परत तोच मेसेज फिरतोय की गोवर-रुबेलाचं इंजेक्शन घेतलं की मुलींना पुढे मूल होत नाही, आणि आधी लस झालेल्या मुलाला परत दिली तर ओव्हरडोस होतो. दोन्ही खोटं आहे.

मूल हवंय अशा बाईच्या अंगात रुबेलाची इम्युनिटी नसेल तर डॉक्टर तिला रुबेलाची लस आधी घ्यायला सांगतात आणि महिनाभर थांबायला लावतात, मग तीच लस मूल होऊ देत नाही हे कसं शक्य आहे? डॉक्टर असं सांगतात त्याचं कारण सरळ आहे, मुलांना रुबेला म्हणजे थोडा ताप आणि पुरळ, पण गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत आईला झाला तर बाळ बहिरं, मोतीबिंदू घेऊन किंवा हृदयात दोष घेऊन जन्मू शकतं. यातलं मोतीबिंदू आणि हृदयदोषाचं १९४१ साली ऑस्ट्रेलियात नॉर्मन ग्रेग या डोळ्यांच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं. आणि मुलग्यांनाही देतात ना, घरात रुबेला आणायला मुलगा काय मुलगी काय.

राहिलं ओव्हरडोसचं. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ ला मोहीम सुरू झाली तेव्हा ९ महिने ते १५ वर्षांच्या सगळ्या मुलांना, आधी लस झालेली असो वा नसो, मुद्दाम दिली होती, कारण अंगात इम्युनिटी असेल तर जादा डोस नुसता वाया जातो, अपाय करत नाही. आठवड्याभराने थोडा ताप, पुरळ येऊ शकतं, ते जातं.

तुमच्याकडे आला असेल तर कृपया डिलीट करा, आणि ज्यांना पाठवलाय त्यांना हे पाठवा.