‘फुकटची ताकद’ हा शब्द चुकला, पण टर्बोबद्दलचं मत कायम आहे

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया रात्री वाचली आणि उत्तर दोन ओळींत उरकणार नाही, हे लगेच कळलं. छोट्या गाडीला सुपरचार्जरपेक्षा टर्बोच बरा, असं मी लिहिलं होतं. (दोन्ही इंजिनात जादा हवा कोंबतात; टर्बो एक्झॉस्टच्या वायूवर फिरतो, सुपरचार्जर इंजिनच्या पट्ट्यावर.) त्यावर तुमचे तीन आक्षेप आहेत. टर्बोने ‘फुकटची ताकद’ मिळते, हे माझं विधान साफ चुकीचं आहे. टर्बोचा लॅग, म्हणजे पाय दाबल्यावर ताकद यायला लागणारा उशीर, आणि टर्बो उडण्याचा खर्च मी सांगितलाच नाही. आणि सुपरचार्जरवाली जुनी मिनी कूपर एस मी चालवलेली नसणार, नाहीतर असं लिहिलंच नसतं. शेवटी जाता जाता तुम्ही लिहिलंत की, स्वतःच्या १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅकला सुपरचार्जरचं किट बसवायचं चाललंय. खरं सांगायचं तर त्या शेवटच्या ओळीमुळे मी एवढं लिहायला बसलोय.

पहिला आक्षेप मान्य. ‘फुकट’ हा शब्द मी वापरायला नको होता. टर्बाइनचं चाक एक्झॉस्टच्या वाटेतच बसतं, त्यामुळे जळालेला वायू बाहेर ढकलताना पिस्टनला जादा जोर लावावा लागतो. ती किंमत इंजिनच मोजतं. फक्त एक्झॉस्टमधून नाहीतरी वाया जाणारी उष्णता आणि दाब त्यातला बराच भार उचलतात. सुपरचार्जरला असा वाटेकरी नाही. त्याचा पट्टा क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याच्या, पुलीवर, सगळा खर्च क्रँककडूनच.

किती खर्च, ते ढोबळ हिशोबाने पाहू. १.२ लिटरचं इंजिन, ५५०० आरपीएम, अर्धा बार बूस्ट, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा अर्धा बार जास्त दाब. मिनिटाला पावणेपाच किलोच्या आसपास हवा आत जाते. छोट्या गाड्यांत बहुतेक वेळा रूट्स पद्धतीचा (दोन फिरत्या पाळ्यांनी हवा ढकलणारा) सुपरचार्जर, म्हणजे ब्लोअर, असतो. त्याची कार्यक्षमता ५५ टक्के धरली तर एवढी हवा दाबायला साडेपाच किलोवॅट, म्हणजे सात-साडेसात हॉर्सपॉवर लागतात. ताकद वाढतेय म्हटल्यावर तेवढं देऊन टाकू, असं तुम्ही म्हणाल, आणि त्यात गैर काही नाही. मला जास्त काळजी उष्णतेची वाटते. या दाबाला हवेचं तापमान सत्तरेक अंशांनी चढतं. नागपूरच्या मे महिन्यात बाहेर ४५ असेल तर इंटरकूलरच्या (दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) तोंडाशी ११५ अंशांची हवा. टर्बोचा कॉम्प्रेसर ७० टक्के कार्यक्षमतेने चालत असेल तर हीच वाढ पंचावन्नच्या आसपास राहते. पेट्रोल इंजिन नॉक करणार, म्हणजे आतलं मिश्रण आपोआप पेटून ठोके बसणार, की नाही, हे ठरताना पंधरा अंशांचा फरक मोठा असतो.

आता लॅग. तो मी झाकला असेल तर ती चूकच, कारण मी तो वर्षानुवर्षं भोगलाय. माझ्याकडे १.३ लिटर टर्बो डिझेल हॅचबॅक होती. कुंभार्ली घाटात चढाच्या वळणावर समोरून एसटी आली की वेग तुटायचा, दुसऱ्या गिअरला काटा दीड हजारावर यायचा, आणि मग पाय कितीही दाबा, गाडी नुसती घुमायची. मागे ट्रक, बाजूला दरी. अठराशे, एकोणीसशे, आणि दोन हजाराला एकदम मागून कुणी ढकलावं तशी सुटायची. त्या दोन सेकंदांत सुपरचार्जर असता तर, असं मलाही वाटलंय.

पण त्याच गाडीने मला हेही शिकवलं की लॅग बराचसा टर्बोच्या मापावर असतो. चाक मोठं तर ते फिरायला वेळ घेतं. चाक लहान, हलकं, एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या अगदी जवळ, तर ते लवकर उठतं. तुम्हीच काढलेल्या मिनीचं उदाहरण घ्या.

ती मी चालवली आहे. इंग्लंडमधल्या एका मित्राची होती, ऑक्सफर्डच्या कारखान्यातून निघालेली, आणि त्याच भागातल्या अरुंद, दोन्ही बाजूंनी कुंपणझाडी असलेल्या रस्त्यांवर दुपारभर माझ्या हातात होती. बॉनेटवरची ती खाच नुसती शोभेची नाही, तिच्यातून आलेली हवा थेट खालच्या इंटरकूलरवर पडते. पाय जेवढा दाबाल तेवढंच आणि त्याच क्षणी मिळतं. जास्त नाही, उशिरा नाही. तीन हजाराच्या पुढे ब्लोअरचा तो चढत जाणारा भरीव सूर ऐकला की कारण नसताना गिअर खाली घ्यावासा वाटतो. त्या आनंदाबद्दल तुमचा शब्द न् शब्द खरा आहे.

तरीही आकडे बघा. ती १.६ लिटर सुपरचार्जरवाली मिनी १६३ पीएस (जवळपास हॉर्सपॉवरच) द्यायची, आणि तिचा पूर्ण २१० न्यूटनमीटर टॉर्क, म्हणजे खेचण्याचा जोर, ४००० आरपीएमला. तिच्यानंतर नव्या कूपर एसमध्ये १.६ लिटरचं टर्बो इंजिन आलं, १७५ पीएसचं. टॉर्क २४०, आणि तोही १६०० आरपीएमपासून. म्हणजे पूर्ण टॉर्क खालच्या आरपीएमला टर्बोवालीच देत होती. न्यायाने सांगायचं तर नवं इंजिन सगळंच वेगळं होतं, थेट सिलिंडरमध्ये इंधन फवारणारं, त्यामुळे सगळं श्रेय टर्बोचं नाही. पाय दाबल्या क्षणीचा प्रतिसाद मात्र जुनीचाच सरस, हेही खरं.

फोक्सवॅगनने २००५ मध्ये १.४ लिटर इंजिनाला दोन्ही लावले होते. खालच्या आरपीएमला सुपरचार्जर, ३५००च्या पुढे एकटा टर्बो. इंजिन सुरेख होतं, पण महाग आणि गुंतागुंतीचं, आणि पुढच्या पिढीत एकटा टर्बो उरला. निसानने युरोपातल्या मायक्राच्या १.२ लिटर तीन सिलिंडरला सुपरचार्जर लावला, नको तेव्हा सुटावा म्हणून त्याला क्लचही दिला. त्यानंतरच्या मायक्रात ०.९ लिटर टर्बो आला.

टर्बो उडतो, हे तुमचं म्हणणं खोटं नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका मिस्त्रींनी खोललेला टर्बो माझ्या हातात दिला होता. शाफ्ट बोटाने हलवला तर कडेकडेला लटपटत होता. मग त्यांनी तेलाच्या लाइनचा पोकळ बोल्ट उजेडाकडे धरला. आतलं भोक जळलेल्या तेलाने इतकं भरलं होतं की टाचणीसुद्धा गेली नसती. लाखावर आरपीएमने फिरणारा शाफ्ट तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो, आणि तो थरच तुटला. गाडीमालकाने ऑइल बदलणं लांबवलं होतं आणि घाट चढून आल्या आल्या किल्ली फिरवून बंद करायची सवय होती. कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच ऑइल, तेही वेळेवर, आणि चढानंतर मिनिटभर आयडलिंग. एवढं पाळलं तर टर्बो सहसा दगा देत नाही.

आता तुमचं किट. मला मनापासून वाटतं, ते बसवू नका. हल्लीच्या बऱ्याच १.२ लिटर साध्या पेट्रोल इंजिनांचा कॉम्प्रेशन रेशो (पिस्टन आतलं मिश्रण किती पट दाबतो, ते माप) ११ ते १२ असतो. कंपनीच्या छोट्या टर्बो पेट्रोलमध्ये तो मुद्दाम दहाच्या आसपास ठेवतात, पिस्टन आणि कूलिंगही त्या हिशोबाने देतात. बाराच्या रेशोवर वरून अशी तापलेली हवा कोंबली तर नॉकिंग टाळायला टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) इतकं मागे घ्यावं लागेल की मिळवलेली ताकद तिथेच जाईल. टायमिंग मागे नाही घेतलं तर पिस्टनच्या रिंगा जातील. क्लच आणि गिअरबॉक्सही मूळ टॉर्कच्या मापाचेच आहेत. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल केलात तर आरसीचा प्रश्न येतो, आणि अपघात झाला तर विमा कंपनी क्लेम अडवू शकते.

किटचे पैसे आणि ही गाडी विकून येणारे पैसे एकत्र करून एखादी एक लिटर टर्बो बघा. मारुती फ्राँक्सचं ९९८ सीसीचं बूस्टरजेट टर्बो इंजिन १०० पीएस आणि १४८ न्यूटनमीटर देतं, वॉरंटीसकट. टेस्ट ड्राइव्हला शोरूमच्या सपाट रस्त्यावर समाधान मानू नका. जवळचा घाट धरा, दुसऱ्या गिअरला काटा दीड हजारावर येऊ द्या आणि तिथून पाय दाबून बघा.

किटवाल्याने तुमच्या इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो विचारला होता का, तेवढं मात्र कळवा. आणि अजून ॲडव्हान्स दिला नसेल तर आधी कळवा.