तीन हजार हर्ट्झचा बांध

स्पीकरच्या पेटीत दोन भाऊ राहतात. थोरला वूफर, अंगाने दांडगा, ढोल-डग्गा सांभाळणारा. धाकटा ट्वीटर, झांजा-घुंगरांपुरता. डग्ग्याचे दणके अंगावर आले तर कॉइल जळून कायमचा मुका होणारा. क्रॉसओव्हर म्हणजे या दोघांची वाटणी करणारं सर्किट: जाड सूर थोरल्याकडे, बारीक धाकट्याकडे, आणि ती करायला बसतो माझ्यासारखा बिनपगारी तलाठी.

कागदावर सगळं सोपं. आठ ओहमचा ट्वीटर, ३००० हर्ट्झवर बांध, म्हणून खालचे सूर अडवायला ६.६३ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. पुण्याच्या तपकीर गल्लीत मी हा आकडा खणखणीत आवाजात सांगितला.

“सहा पॉइंट आठ आहे. देऊ?”

“अहो, त्याने बांध ७४ हर्ट्झ खाली सरकेल!”

दुकानदाराने शांतपणे कपॅसिटरवर छापलेलं ‘±१०%’ माझ्यासमोर धरलं. मी पैसे दिले. घरी मल्टिमीटर लावला, तर आठ ओहमचा ट्वीटर सहाच्या आसपास दाखवतो. तिथेही सातबारा वेगळा आणि जमीन वेगळी!

त्यात एकट्या कपॅसिटरचा उतार, म्हणजे बांधापलीकडे आवाज घटण्याचा वेग, सप्तकामागे जेमतेम ६ डेसिबल. म्हणजे १५०० हर्ट्झपर्यंत धाकट्याची गुरं थोरल्याच्या शेतात चरतच असतात. माणसाचा कान २००० ते ५००० हर्ट्झमध्ये सगळ्यात तिखट, आणि भांडण नेमकं तिथेच. गायिकेच्या सुरातला निम्मा तुकडा वरून, निम्मा खालून. आईने विचारलंच, “हिला सर्दी झालीय का रे?”

मग लिंकविट्झ आणि रायली या ह्यूलेट-पॅकार्डच्या अभियंत्यांना शरण गेलो. १९७६ पासून जगभरचे हौशी तलाठी त्यांचंच नाव घेतात. त्यांच्या पद्धतीत बांधावर दोघांनीही ६ डेसिबल माघार घ्यायची. १२ डेसिबलचा उतार हवा असेल तर आणखी कॉइल, आणखी कपॅसिटर, आणि ट्वीटरच्या तारा मुद्दाम उलट्या जोडायच्या. का, ते मी घरात समजावून सांगितलं. कोणी विचारलं नव्हतं.

मापासाठी पिंक नॉइज, म्हणजे सगळे सूर मिसळलेली एकसलग खरखर, लावला. हा आवाज इतका हुबेहूब पावसाचा, की आई धावत जाऊन गॅलरीतले कपडे काढून आली. ऐन मे महिन्यात.

शेवटची परीक्षा मात्र विलक्षण. ट्वीटरच्या तारा तात्पुरत्या सरळ करायच्या आणि ३००० हर्ट्झची शिट्टी लावायची. वाटणी चोख असेल तर बांधावर दोघे एकमेकांना खोडतात आणि आवाज बुडतो. पेटीवर मोकळा ठेवलेला ट्वीटर मी पुढे-मागे सरकवत राहिलो. या सुराची लाट जेमतेम साडेअकरा सेंटिमीटरची, त्यामुळे बोटभर हललं तरी हिशेब बदलतो. शेजाऱ्यांचं कुत्रं रडायला लागलं. आणि एका जागी शिट्टी बसली!

मी ओरडलो, “अगं आई, ये, बघ! काहीच ऐकू येत नाहीये!”

स्वयंपाकघरातून उत्तर आलं, “छान झालंय. आता हात लावू नकोस.”