शपथ घेऊन बोटं वाचत नाहीत

आज ४ मार्च, सुरक्षा दिन. सकाळपासून फीडवर नुसते पिवळ्या हेल्मेटवाले फोटो, हात पुढे करून शपथ, मागे बॅनर, स्लोगन स्पर्धेची बक्षिसं. ठीक आहे, घ्या शपथ. पण ओळखीतल्या एका प्लांट हेडने लिहिलंय की बहुतेक अपघात कामगाराच्या निष्काळजीपणामुळे होतात, आणि त्याखाली टाळ्यांचे इमोजी. तिथे माझं डोकं फिरलं.

माझा मामेभाऊ लातूरकडून भोसरीला आला, ठेकेदारामार्फत एका प्रेस शॉपमध्ये लागला, म्हणजे जिथे प्रेस मशीनवर पत्रा दाबून पार्ट काढतात तिथे. ट्रेनिंग काय? शेजारच्या ऑपरेटरने दाखवलं, पत्रा असा ठेव, बटण दाब, पार्ट काढ, झालं ट्रेनिंग. त्या प्रेसला दोन बटणं होती, दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच स्ट्रोक (प्रेसचा दणका) पडावा म्हणून, म्हणजे हात आपोआप डायच्या, त्या साच्याच्या, बाहेर राहतात. त्यातलं एक बटण टेप लावून कायमचं दाबून ठेवलेलं, कारण एक हात मोकळा राहिला की माल पटापट निघतो. ते टेप त्याने लावलं नव्हतं, तो यायच्या आधीपासून तिथे होतं आणि सुपरवायझर रोज त्याच्यासमोरून जायचा. उजव्या हाताची दोन बोटं गेली त्याची. कंपनी म्हणाली, मुलाचं लक्ष नव्हतं, मोबाईल बघत होता. अरे, त्या कंपनीत मोबाईल गेटवरच जमा करून घेतात!

हो, मान्य, कामगारही गार्ड, म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून मशीनला लावलेलं कव्हर, काढतात, मी पाहिलंय. पण बोर्डावर तासाचं टार्गेट लिहून ठेवता, कमी पडलं की सगळ्यांसमोर शिव्या घालता, मग तो गार्ड काढणार नाही तर काय करणार?

आणि ट्रेनिंग म्हणजे हॉलमध्ये बसवून इंग्रजी स्लाइड दाखवणं आणि हजेरीवर सही घेणं नाही. मशीनजवळ उभं करून त्याच्या भाषेत सांगा, मग तो बिहारचा असो नाहीतर बीडचा. डायमध्ये हात घालायचा नाही, चिमटा वापर. प्रेसने एकदा बटण दाबल्यावर एकदा जरी दोनदा स्ट्रोक मारला तरी तिथेच बंद कर, मेंटेनन्सला बोलव, तोपर्यंत कोणी सांगितलं तरी चालवू नको. डाय बदलताना मेन स्विच बंद, त्याला कुलूप, चावी डाय बसवणाऱ्या सेटरच्याच खिशात, आणि रॅमखाली, म्हणजे प्रेसच्या वरखाली होणाऱ्या भागाखाली, सेफ्टी ब्लॉकचा टेकू. ड्रिल मशीनवर हातमोजे घालायचे नाहीत, फिरत्या ड्रिलमध्ये मोजा अडकला तर हात घेऊन जातो. हे किती पोरांना माहीत असतं? त्यांना सरसकट हातमोजे वाटले जातात, कारण फोटोत बरे दिसतात!

भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर, १९८७ साली, फॅक्टरी ॲक्टमध्ये कामगाराला सुरक्षेची माहिती आणि ट्रेनिंग मागायचा हक्क घातला गेला. हे त्या लातूरच्या पोराला सांगणार कोण, ठेकेदार?

हॉस्पिटलात मामीने मला एवढंच विचारलं, "अरे, त्याला कुणी नीट शिकवलं नव्हतं का?" कंपनीवर ओरडली नाही, रडली पण नाही. मला काही बोलताच आलं नाही. ईएसआयच्या, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याच्या, तक्त्यात एका हाताची दोन बोटं गेली की कमाईची क्षमता २० टक्के गेली असं धरतात. तो भजनात पखवाज वाजवायचा, त्याचे किती टक्के?

सगळे मालक वाईट नाहीत, लाइट कर्टन, म्हणजे प्रेससमोर प्रकाशकिरणांचा पडदा, लावणारेही आहेत, हात आत गेला की प्रेस जागेवर थांबतं. मोठ्या कंपन्यांना पार्ट पुरवणाऱ्या छोट्या व्हेंडरला रेट मिळत नाही हेही खरंय. पण मग मोठ्या गाडी कंपन्यांची माणसं ऑडिटला येतात, पार्ट मायक्रॉनमध्ये मोजतात, त्यांना बटणावरचं टेप दिसत नाही?

माझ्या फ्रेंड लिस्टमध्ये बरेच सुपरवायझर आणि प्रॉडक्शनवाले आहेत. उद्या लाइनवर जाऊन प्रत्येक बटण स्वतः दाबून बघा, टेप दिसलं तर काढा, आणि माल कमी निघाला तर वरच्याला तुम्ही उत्तर द्या, पोराला पुढे करू नका. आणि ज्यांचं पोरगं नुकतंच कंपनीत लागलंय त्यांनी आज रात्रीच फोन करून विचारा, ईएसआयचा नंबर हातात आलाय का? कारण कामावर झालेल्या दुखापतीसाठी पहिल्या दिवसापासून संरक्षण असतं, आणि अपघात झाल्यावर धावत जाऊन नंबर काढणारे ठेकेदार मी डोळ्यांनी पाहिलेत.