इंग्लिश कच्चं नाहीये, फॉरवर्ड कच्चा आहे

गेल्या पंधरा दिवसांत एकच फॉरवर्ड मला चार ग्रुपवर आलाय. सोसायटी, शाळेची बॅच, ऑफिस आणि फॅमिली, आणि फॅमिली ग्रुपवर तर आमच्या काकांनी तो दोनदा टाकला. वर लिहिलंय "चिन्यांचं इंग्लिश वाचा आणि पोट धरून हसा", खाली यादी. पीपल माउंटन पीपल सी. गुड गुड स्टडी, डे डे अप. हॉर्स हॉर्स टायगर टायगर. गिव्ह यू सम कलर टू सी सी. आणि यादी संपली की ज्ञान: यांना इंग्लिश येत नाही, आपण काय लिहितोय ते त्यांना कळतही नाही, भाषेला व्याकरण नाही, काहीही शब्द जोडतात, सगळं गूगल ट्रान्सलेटमधून काढतात, सरकारलाही काही पडलेली नाही, आणि असलं इंग्लिश जगात कोण घेणार.

मी हसलो, हे आधीच कबूल करतो. यादी भारीच आहे. पण कामाच्या निमित्तानं सात-आठ वर्षं मी चीनमधल्या शेनचेन शहरातल्या सप्लायरांशी बोलतोय, त्यासाठी मोडकंतोडकं मँडरिन, म्हणजे तिथली प्रमाणभाषा, शिकलोय, आणि ही यादी मला पहिल्यांदा दाखवली ती तिथल्याच एका सेल्समधल्या मुलीनं, आणि ती माझ्यापेक्षा जास्त हसत होती. तेव्हा खालचं ज्ञान एकेक करून घेऊ.

"आपण काय लिहितोय ते त्यांना कळतही नाही." सगळ्यात मोठी गडबड इथेच आहे म्हणून इथे जरा वेळ घेतो. यादीतली बरीचशी वाक्यं चुकून झालेली नाहीयेत, मुद्दाम केलेली आहेत, चिनी पोरांनीच, वर्गात इंग्लिशचा धडा घोकून घोकून वैताग आल्यावर. आपण नाही का कॉलेजात "डोंट क्लाइंब मी ऑन द हरभरा ट्री" म्हणायचो, "माय नाइन केम टू नोज" म्हणायचो? ते म्हणताना आपल्याला इंग्लिश येत नव्हतं का? येत होतं म्हणूनच मजा यायची ना.

आता गुड गुड स्टडी, डे डे अप घ्या. मूळ वाक्य "हाओ हाओ श्वे शी, थिएन थिएन श्यांग शांग", म्हणजे नीट अभ्यास करा, रोज पुढे जा. माओनं 1951 मध्ये एका शाळकरी मुलासाठी हे लिहून दिलं आणि मग ते देशभर शाळांच्या भिंतींवर गेलं, जसं आपल्याकडे फळ्यावर सुविचार असतो तसं. इतकं गंभीर वाक्य, रोज डोळ्यांसमोर, मग पोरं त्याची टर उडवणारच. पुढे हूनान टीव्हीनं 2008 मध्ये याच शब्दांवरून एक शो काढला, त्याचं इंग्लिश नाव अधिकृतपणे डे डे अप. एवढ्या मोठ्या चॅनेलमध्ये कोणालाच इंग्लिश येत नव्हतं असं म्हणायचंय का? पीपल माउंटन पीपल सी या नावाचा तर चिनी सिनेमाच आहे, त्याच्या दिग्दर्शकाला 2011 मध्ये व्हेनिसच्या फिल्म फेस्टिव्हलमध्ये सिल्व्हर लायन पुरस्कार मिळाला. बाय द वे, "रन शान रन हाय", माणसांचा डोंगर माणसांचा समुद्र, यात हसण्यासारखं नक्की काय आहे मला सांगा, आपले पेपर दर आषाढीला "पंढरीत जनसागर उसळला" छापतातच की.

पण माझा खरा पुरावा वेगळाय. याच प्रकारातलं एक वाक्य आहे, अमेरिकन चायनीज नॉट इनफ. हे असलं चुकून होतं का बघा. मूळ शब्द "मेइ जोंग बू त्सू", अर्थ असा की सगळं सुंदर आहे पण एक काहीतरी उणं राहिलं, आपण म्हणू गालबोट लागलं. आता "मेइ" म्हणजे सुंदर, पण अमेरिकेचं चिनी नावही "मेइ"वरूनच आहे. "जोंग" म्हणजे मध्ये, पण चीनचं स्वतःचं नावही "जोंग"पासूनच. म्हणून अमेरिकन, चायनीज, नॉट इनफ. हा श्लेष आहे हो! दोन्ही भाषा डोक्यात एकाच वेळी चालू असल्याशिवाय हा सुचूच शकत नाही.

आणि मजा म्हणजे हे लोक उलट्या दिशेनंही करतात. हा माझा सगळ्यात आवडता. इंग्लिशमधलं हाऊ आर यू घ्यायचं आणि शब्दाला शब्द ठेवून चिनी करायचं: "झन्मा श नी", म्हणजे अरे, तू कसा काय इथे? मग हाऊ ओल्ड आर यू घ्यायचं: "झन्मा लाओ श नी". आता "लाओ" म्हणजे म्हातारा, जुना, पण "लाओ श" म्हणजे सारखं, नेहमी. तर हाऊ ओल्ड आर यूचा चिनी अर्थ झाला "परत तूच? सारखा सारखा तूच कसा रे?" तिसऱ्यांदा तीच इन्व्हॉइस चुकीची पाठवली म्हणून मी मेसेज केला तर त्या मुलीनं मला हेच पाठवलं होतं. मी बावळटासारखा वय सांगितलं. ती दोन दिवस हसत होती. आता सांगा भाषा कोणाची कच्ची.

"त्यांच्या भाषेला व्याकरण नाही, काहीही शब्द जोडतात." चिनी क्रियापदाला काळाप्रमाणे रूपं नसतात, लिंगवचनाची भानगड नाही, एवढं खरंय. पण म्हणून व्याकरण नाही म्हणणं म्हणजे आमच्याकडे पोळी मिळत नाही म्हणून आम्ही उपाशी आहोत म्हणण्यासारखं झालं. तिथे शब्दांचा क्रम आणि बारीकसारीक अव्ययं सगळं काम करतात. सी सी हे द्विरुक्तीचं रूप आहे, "खान खान", आपलं "बघ जरा", "बघ तरी". आपण तर हळूहळू, बघता बघता, घरोघर असं दिवसभर बोलतो, आपल्याला तरी द्विरुक्तीचं हसू यायला नको होतं. गिव्ह यू सम कलर टू सी सी म्हणजे "थांब, तुला इंगा दाखवतो". आता इंगा म्हणजे नक्की काय आणि तो दाखवल्यावर समोरचा का घाबरतो हे एखाद्या चिनी माणसाला समजावून दाखवा, मग व्याकरणाबद्दल बोलू.

आणि शब्द काहीही जोडलेले नसतात, प्रत्येकामागे काहीतरी असतं. नोकरीवरून काढलं याला ते "स्क्विड तळला" म्हणतात, "छाओ योऊ यू". मूळ कँटनीजमधलं, म्हणजे दक्षिण चीनमधल्या बोलीतलं. कामगार मालकाकडे राहायला येताना स्वतःची वळकटी घेऊन यायचा, काढून टाकलं की ती गुंडाळून निघायचा, आणि स्क्विडचा तुकडा गरम कढईत पडला की अगदी तसाच गुंडाळला जातो. आपण काय म्हणतो? गाशा गुंडाळला. गाशा म्हणजे घोड्याच्या खोगिरावर घालायचं कापड, आज कोणाकडे घोडा नाही पण गाशा सगळे गुंडाळतात. मत्सराला ते व्हिनेगर खाणं म्हणतात, त्यामागची गोष्ट थांग राजघराण्याच्या काळातल्या एका मंत्र्याच्या बायकोची: नवऱ्यासाठी दुसरी बाई चालवून घे नाहीतर हे विष पी असं सम्राटानं सांगितलं, ती घटाघटा प्यायली, आणि निघालं व्हिनेगर. खरं घडलं असेल नसेल, पण असली बाई आपल्या म्हणीत नाही याचं मला वाईट वाटतं. गाईपुढे वीणा वाजवणं आहे, ती आपली गाढवापुढे वाचली गीता. विहिरीतला बेडूक तर ज्वांगत्से या प्राचीन चिनी तत्त्वज्ञाच्या ग्रंथातला, आपल्याकडे कूपमंडूक म्हणून संस्कृतातून आलाच आहे. हॉर्स हॉर्स टायगर टायगर म्हणजे "मामाहूहू", ठीकठाक, जेमतेम. एका चित्रकारानं अर्धा घोडा अर्धा वाघ काढला अशी लोककथा त्याला चिकटवलीये, मला ती नंतर रचलेली वाटते पण शब्द बोलायला इतका गोड आहे की मी घरी भाजीबद्दलही तोच वापरतो, बायको चिडते.

"सगळं गूगल ट्रान्सलेटमधून काढतात." हे अर्धं खरंय, पण भलत्या अर्ध्याबद्दल. फॉरवर्डवाल्यानं दोन वेगळे डबे एकात ओतलेत. एक डबा वरच्या जोक्सचा. दुसरा पाट्या आणि मेनूकार्डांचा, तिथे मात्र खरोखर मशीन किंवा डिक्शनरी उघडून शब्द चिकटवलेले असतात. उदाहरणार्थ ओल्या फरशीवरची पाटी, स्लिप केअरफुली. मूळ चार अक्षरं "श्याओ शिन दी ह्वा", सावधान, फरशी निसरडी. पण ते तिसरं अक्षर "दी" वाचलं तर जमीन आणि "द" वाचलं तर क्रियाविशेषणाचा प्रत्यय, मराठीतल्या "पूर्वक"सारखा. एका जागी तोडलं तर "सावधान, जमीन निसरडी", दुसऱ्या जागी तोडलं तर "सावधानतापूर्वक घसरा". चिनी लिहिताना शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत त्यामुळे मशीन बिचारं चुकीच्या जागी तोडतं. दुसरं, सुकामेव्याच्या काउंटरवर इंग्लिशमधली ती चार अक्षरी शिवी. कारण लिपी सोपी करताना "सुकं" आणि "करणं" यांची वेगवेगळी अक्षरं एकच झाली, आणि "करणं"चा एक चावट अर्थही आहे. मेनूतली चिकन विदाउट सेक्शुअल लाइफ ही तर फक्त कोवळी कोंबडी, "थोंग झ जी". या डब्यावर हसा खुशाल. पण गुड गुड स्टडी गूगलमधून आलेलं नाही, गूगल ट्रान्सलेट 2006 मध्ये आलं, हा जोक त्याच्याही आधीचा, आणि आज ते वाक्य मशीनला दिलंत तर ते गुळगुळीत इंग्लिश देतं, मजा सगळी गेलेली. म्हणजे मशीन बरोबर आहे आणि माणूस मुद्दाम चुकतोय.

"सरकारला पडलेली नाही." पडलेली आहे, उलट जरा जास्तच. 2008 च्या ऑलिंपिकआधी बीजिंगनं पाट्या आणि पदार्थांची नावं दुरुस्त करायची मोहीमच काढली, वेगवेगळ्या जमातींच्या संस्कृतीच्या पार्कवर रेसिस्ट पार्क अशी पाटी होती तीही गेली. 2017 पासून तर सार्वजनिक जागांवरच्या इंग्लिशसाठी राष्ट्रीय स्टँडर्ड आहे. पुढे.

"असलं इंग्लिश जगात कोण घेणार." काका, तुम्ही घेतलंय. परवाच निवडणुकीवरून वाद चालला होता तेव्हा तुम्ही लिहिलंत की मीडियानं तरुणांचा ब्रेनवॉश केलाय. ब्रेनवॉश हा शब्द चिनी "शी नाओ"चं शब्दशः भाषांतर आहे, शी म्हणजे धुणं, नाओ म्हणजे मेंदू, 1950 मध्ये एडवर्ड हंटर नावाच्या अमेरिकन पत्रकारानं तो इंग्लिशमध्ये रुळवला. आणि समोरच्या पुढाऱ्याला तुम्ही कागदी वाघ म्हणालात. तो "ज लाओहू", पेपर टायगर, 1946 मध्ये माओनं ॲना लुईस स्ट्राँग या अमेरिकन पत्रकार बाईला दिलेल्या मुलाखतीनं जगभर गेला, आणि तिथून फिरत फिरत आपल्या अग्रलेखांत येऊन बसला. लूज फेस हेही चिनीवरूनच, एकोणिसाव्या शतकात तिथे राहिलेल्या इंग्रजांनी उचललेलं. ॲड ऑइल, म्हणजे "ज्यायोऊ", मॅचमध्ये ओरडतात ते "चल, लाव जोर", हे 2018 मध्ये ऑक्सफर्डच्या डिक्शनरीत गेलं. जानेवारी 2020 मध्ये लॉकडाउनमध्ये वूहानचे लोक रात्री खिडक्यांतून "वूहान ज्यायोऊ" ओरडायचे, ते व्हिडिओ ज्यांनी पाहिलेत त्यांना ॲड ऑइल परत तितकंसं विनोदी वाटणार नाही. मात्र लाँग टाइम नो सी चिनीच आहे अशी पैज कोणी लावायला जाऊ नका, 1900 च्या आसपासच्या छापील उदाहरणात ते एका नेटिव्ह अमेरिकन माणसाच्या तोंडी आहे. आपली बाजू आहे म्हणून काहीही ठोकायचं नाही.

आणि एक, हे फॉरवर्डमध्ये नाही पण याच लोकांचं आहे. चिनी शब्दशः केल्यावर वाक्य वेडंवाकडं दिसलं की हसायचं, आणि जड दिसलं की लगेच गुड मॉर्निंगच्या फोटोवर टाकायचं. "चिनी भाषेत संकट म्हणजे धोका अधिक संधी", हे आपल्याकडे प्रत्येक मोटिव्हेशनल सेमिनारला असतंच, केनेडीनंही 1959 मध्ये भाषणात वापरलंय. शब्द "वेइजी". "वेइ" म्हणजे धोका, बरोबर. पण इथला "जी" संधी नव्हे, निर्णायक क्षण, नाजूक वळण. संधीच्या शब्दात तोच "जी" असतो म्हणून कोणीतरी अर्थ ओढून आणला. "तुम्हाला रंजक काळात जगायला लागो" हा चिनी शापही तसाच, चिनीत तो सापडतच नाही. जवळचं म्हणाल तर 1627 च्या एका कथासंग्रहात आहे: धामधुमीच्या काळातला माणूस होण्यापेक्षा शांततेच्या काळातलं कुत्रं बरं. हे मात्र कोणी फोटोवर टाकत नाही.

एवढं सगळं टाइप करून फॅमिली ग्रुपवर टाकलं. कोणी वाचलं नाही, दोघांनी अंगठा दिला. आज सकाळी काकांनी तोच फॉरवर्ड तिसऱ्यांदा टाकला. मी फक्त लिहिलं, "काका, हाऊ ओल्ड आर यू?"

लगेच रिप्लाय आला, "62 पूर्ण. का रे?"