'आई-बापांच्या पैशावर': 'एक पालक' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

काका म्हणते, कारण माझ्याच वयाची मुलगी तुम्हालाही आहे असं तुम्हीच लिहिलंय. 'चारशे रुपयांत राजमाची' या माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत त्याला तिथेच उत्तर द्यायला बसले होते. ते लांबत गेलं, म्हणून वेगळं टाकते.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. काकांचं म्हणणं असं: राजमाची किल्ल्याखालच्या उधेवाडीतल्या मावशींनी जेवणाचे दोनशे सांगितले, ते आम्ही दीडशेवर आणले, म्हणजे आमची स्वस्ताई त्यांच्या खिशातून आली. पावसाळ्यात दुपार कलल्यावर लोणावळ्याहून चालत निघालो, हे नवख्या मुलामुलींनी वाचून तसंच करणं धोक्याचं आहे. परतीच्या लोकलबद्दल एक अक्षर नाही. आणि शेवटी हे वाक्य, जसंच्या तसं: 'आई-बापांच्या घामाच्या पैशावर हिंडायचं आणि वर चारशेत केलं म्हणून मिरवायचं, आधी कमवायला शीक.'

लोकलचं मान्य. लोणावळ्याहून पुण्याकडे दुपारच्या लोकल तुरळक असतात, हे लेखात असायला हवं होतं. आता घातलंय. रविवारी राजमाचीहून परतताना वेळापत्रक बघूनच निघावं, नाहीतर स्टेशनवर बसून राहावं लागतं. तुम्ही लक्षात आणून दिलंत, आभार.

आता त्या शेवटच्या वाक्याकडे येते.

आधी 'शीक'बद्दल. आपली ओळख नाही. आमच्या कॉलेजात सरसुद्धा पहिल्या वर्षाच्या मुलींना अहो-जाहो करतात. तुम्ही वयाने मोठे आहात, घरी आला असतात तर तुम्ही मला 'तू' म्हणण्यात काहीच वावगं नव्हतं, मीच वाकून नमस्कार केला असता. पण अनोळखी मुलीला चारचौघांत एकेरीत झापायचं, हा कुठला वडीलपणा? तुमचे बाकीचे मुद्दे मी शांतपणे वाचत होते. या वाक्याशी आले आणि वाचणंच थांबलं. मुद्दा पोचवायचा होता तर तो असा लिहायचा नसतो.

आणि आता कमाईचं. मी परभणी जिल्ह्यातली. घरी कोरडवाहू जमीन, कापूस आणि सोयाबीन. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना जून-जुलै काय असतो ते सांगायला नको. बी-बियाणं, खत, पेरणीची मजुरी आणि माझी फी व हॉस्टेलचे पैसे, सगळं एकाच वेळी दारात येतं. पाऊस लांबला की दुबार पेरणी. आई-बापांचा घाम म्हणजे काय हे मला तुमच्याकडून कळायचं राहिलेलं नाही. निंदणी-खुरपणीत आईच्या शेजारच्या ओळीत मीही असते. कापूस वेचताना बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी नखाच्या कडेची कातडी सोलते आणि मग चार दिवस जेवताना तिखट झोंबतं. दिवाळीच्या सुट्टीत मी घरी हेच करते.

पुण्यात मी 'कमवा व शिका'मध्ये आहे. योजना माहीत असेलच. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था काढली ती 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' म्हणत, आणि त्याच विचारातून आलेली ही योजना आज कितीतरी कॉलेजांत चालते. मला ग्रंथालयातलं काम आहे. परत आलेली पुस्तकं मांडणीवर लावायची, पाठीवरची क्रमांकाची चिठ्ठी सुटली असेल तर नवी चिकटवायची, फाटकी बांधणीला वेगळी काढायची. तासावर पैसे मिळतात. फार नाहीत, पण ते माझे असतात. तेव्हा 'आधी कमवायला शीक' हे तुम्ही कुणाला लिहिलंत ते एकदा बघा.

चारशे रुपये आले कुठून, तेही सांगते. मूळ लेखात लिहिलं नव्हतं, कारण ते कुणी विचारेल असं वाटलंच नव्हतं. आमच्या खानावळीत दोन दिवसांपेक्षा कमी खाडा धरत नाहीत आणि तोही आधी सांगावा लागतो. रविवारी संध्याकाळी खानावळ तशीही बंद असते. आम्ही चौघींनी शुक्रवारी सकाळीच शनिवार-रविवारचा खाडा लावला आणि काकूंकडून वहीत लिहून घेतला. ते पैसे पुढच्या महिन्याच्या बिलातून वजा झाले. उरलेले माझ्या ग्रंथालयाच्या कामाचे. घरून एक रुपया मागवला नाही. सगळं टीटीएमएम, म्हणजे तुझं तू माझं मी. हिशोब एकीच्या प्रॅक्टिकलच्या वहीच्या मागच्या पानावर: लोकलचे जाऊन-येऊन तीस, रात्रीचं आणि दुसऱ्या दुपारचं जेवण दीडशे-दीडशे, सकाळचे पोहे-चहा पन्नास, बिस्किटं नि काडेपेटी मिळून वीस. मुक्काम जेवण देणाऱ्यांच्याच पडवीत, त्याचे वेगळे पैसे त्यांनी घेतले नाहीत. चारशे होतात का बघा बेरीज करून. मिरवलं म्हणता, तर हो, मी हे मिरवते. ज्या मुलींना वाटतं की सहल म्हणजे पाच हजारांचं काम, त्यांच्यापर्यंत हा आकडा जायलाच हवा.

त्या मुलींमध्ये मी होते. सहावीत आमच्या शाळेची सहल औंढा नागनाथला निघाली. लाल डबा ठरवला होता, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. पैसे भरायच्या शेवटच्या दिवशी मी बाईंना सांगितलं की मला गाडी लागते. मला गाडी लागत नाही, कधीच लागली नाही. बाबांनी नाही म्हटलं नव्हतं, मी त्यांना विचारलंच नव्हतं. त्या वर्षी कापसाचं काय झालंय ते मला दिसत होतं. सहल गेली त्या दिवशी वर्गात आम्ही सहा-सात जण होतो आणि सरांनी आम्हाला शुद्धलेखन दिलं होतं. काका, 'हिंडायचं' हा शब्द तुम्ही ज्या सहजतेने लिहिलात ना, तो मला त्यामुळे लागला. घरच्या गाडीतून लोणावळ्याला जाऊन चिक्की घेऊन येणाऱ्यांना हिंडणं फुकटचं वाटत असेल.

आमच्या भूगोलाच्या पुस्तकात सह्याद्री होता, बोरघाट होता. परीक्षेत नकाशात मी तो दर वर्षी बरोबर दाखवला. पण राजमाचीच्या श्रीवर्धन बालेकिल्ल्याच्या बुरुजावर उभी राहिले तेव्हा पहिल्यांदा कळलं की घाट म्हणजे जमीन अशी तुटते. आमच्याकडे जमीन कुठेच तुटत नाही, नजर जाईल तिथपर्यंत ती पसरतच असते. इथे पायाखाली कडा, खाली उल्हास नदीचं खोरं, समोर ढाकचा डोंगर आणि मधून ढग वर चढतायत. राजमाचीला बालेकिल्ले दोन, श्रीवर्धन आणि मनरंजन. दोन्हींच्या मधल्या खिंडीत भैरवनाथाचं देऊळ आहे. तिथे पायऱ्यांवर बसून आमच्यातली इतिहासवाली सांगत होती की कोकणातून घाट चढून येणाऱ्या वाटांवर इथून कशी नजर ठेवत, आणि खालच्या अंगाला कोंढाणे लेणी आहेत तीही याच वाटेच्या आधाराने कशी उभी राहिली. हे ती वर्गात सांगते तेव्हा मी जांभया देते. तिथे ऐकत राहिले. हे शिक्षण नाही, असं म्हणायची माझी तयारी नाही. ते मला माझ्या फीच्या पैशांत मिळालं नसतं.

बाकीच्या मुद्द्यांबद्दल. जेवणाच्या दराचं म्हणाल तर आम्ही चौघी होतो, दोन्ही वेळ तिथेच जेवणार होतो, कमी होतील का असं विचारलं आणि मावशी हो म्हणाल्या. तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा. भाकरी संपली की पुढची तव्यावर असायचीच. ताटं आमची आम्ही घासली. त्यांना परवडलं नसतं तर त्या नाही म्हणाल्या असत्या. उधेवाडीत वर्षभर पाहुणे येतात, तिथल्या बाया व्यवहाराला तुमच्या-माझ्यापेक्षा पक्क्या आहेत. यावर आणखी बोलण्यासारखं मला काही दिसत नाही.

वाटेच्या धोक्याबद्दलही तेच. तुंगार्लीवरून जाणारी ती वाट पंधरा-सोळा किलोमीटर आहे खरी, पण ती गावाला जाणारी जीपची वाट आहे, कड्याची पायवाट नव्हे. पावसात ओढे आडवे येतात, तिथे थांबून पाणी बघून उतरायचं, एवढी अक्कल सगळ्यांना असते. शनिवारी दुपारपर्यंत आमचं प्रॅक्टिकल होतं, म्हणून उशिरा निघालो. बॅटऱ्या होत्या, चौघी एकत्र होतो, पोचलो. लेख मी माझ्या अनुभवाचा लिहिला आहे, सरकारी सूचनापत्रक नाही काढलेलं.

आणि एक विचारते. तुमच्या मुलीला महिन्याला किती पाठवता आणि ती ते कशावर घालवते, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्हाला कसं वाटलं असतं? मग माझ्या आई-बापांचा घाम तुम्ही कुठल्या नात्याने मोजलात? माझ्या बाबांनी तो लेख वाचलाय. फोनवर त्यांनी एवढंच विचारलं की खाली उतरताना पाय घसरत होते का, आणि ढग खरंच आपल्या खाली असतात का. पैशांचं ते काही बोलले नाहीत. ज्यांचा हक्क होता तेच बोलले नाहीत.

तुमची प्रतिक्रिया मी काढून टाकलेली नाही आणि टाकणारही नाही. पुन्हा लिहायचं असेल तर जरूर लिहा. वाटांबद्दल लिहा, दरांबद्दल लिहा, पण माझ्या घराला मध्ये आणू नका. आणलंत तर मी उत्तर देणार नाही.

हिवाळ्यात कर्जतच्या बाजूने कोंढाणे लेणी बघून वर चढायचा बेत आहे. त्याचाही हिशोब इथेच टाकेन, रुपयारुपयाचा.