‘गुडबाय मेटा एआय’ चिकटवल्याने परवानगी रद्द होत नाही

‘माझा मजकूर आणि छायाचित्रे वापरण्यास मी मेटाला (फेसबुक व इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीला) परवानगी देत नाही, मेटा आता सार्वजनिक संस्था झाल्याने वकिलांच्या सल्ल्यानुसार प्रत्येकाने हे टाकावे, अन्यथा संमती गृहीत धरली जाईल’, अशा आशयाचा ‘गुडबाय मेटा एआय’ हा संदेश सप्टेंबर २०२४ मध्ये जगभर फिरला आणि अमेरिकी फुटबॉलपटू टॉम ब्रेडी यांच्यासारख्या नामवंतांनीही तो चिकटवला.

‘सार्वजनिक संस्था’ हा मुद्दा शिळा आहे. फेसबुकचे समभाग मे २०१२ मध्येच बाजारात आले आणि त्याच वर्षी असाच संदेश फिरला होता. त्यात तर युद्धगुन्ह्यांसाठी असलेल्या रोम कराराचा हवाला होता!

संमतीचे म्हणाल, तर खाते उघडताना अटी मान्य केल्या तेव्हाच करार झाला आणि तो भिंतीवरच्या एकतर्फी घोषणेने बदलत नाही. उलट, ती घोषणा सार्वजनिक ठेवली असेल तर तीही मेटाच्या एआयला (कृत्रिम बुद्धिमत्तेला) शिकवण्यासाठी घेतलेल्या मजकुराच्या ढिगात जाऊ शकते.

आणि खासगी संदेशांचे काय? आप्तमित्रांशी झालेले खासगी संभाषण प्रशिक्षणासाठी घेत नाही, असे कंपनी सांगते. मात्र ‘मेटा एआय’ या कंपनीच्या चॅटबॉटला विचारलेला प्रश्न अशा खासगी संभाषणात मोडत नाही.

संदेशामागची तक्रार मात्र खरी आहे. प्रौढांच्या २००७ पासूनच्या सार्वजनिक पोस्ट एआयच्या प्रशिक्षणासाठी वापरल्याचे कंपनीने त्याच महिन्यात ऑस्ट्रेलियाच्या सिनेट समितीपुढे मान्य केले. युरोपात आयर्लंडच्या नियामकाने हस्तक्षेप केल्यामुळे जून २०२४ मध्ये हे काम थांबवावे लागले आणि मे २०२५ मध्ये ते सुरू झाले तेव्हा वापरकर्त्यांना हरकतीचा अर्ज उपलब्ध होता. आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा आहे खरा, पण व्यक्तीने स्वतःहून सार्वजनिक केलेली माहिती त्याने कक्षेबाहेरच ठेवली आहे. गाऱ्हाणे मांडायचेच तर ते या तरतुदीविरुद्ध मांडायला हवे.

तोवर हाती उरते ते फेसबुक पोस्टच्या वेळेशेजारचे बारीक चिन्ह. तिथे पृथ्वीगोल दिसला तर गणपतीच्या आराशीचा आपला फोटो सर्वांसाठी खुला आहे; दोन माणसांचे चिन्ह असेल तर तो मित्रांपुरता आहे. जुन्या पोस्टही सेटिंग्जमधून एकदम मित्रांपुरत्या करता येतात. एआयचे प्रारूप (मॉडेल) जे आधीच शिकले ते मात्र त्याने पुसले जात नाही, आणि तोच फोटो मेहुण्याने गोल ठेवून टाकला असेल तर आपल्या सेटिंगचा काहीच उपयोग नाही.