'घाबरलास म्हणजे विश्वास नाही' म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

निकालांचे आणि मुलाखतींचे दिवस आले की मराठी ख्रिस्ती घरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. नागपूरच्या सदरपासून कामठीपर्यंत जिथे जिथे माझी माणसे आहेत तिथून तो मला येतो. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर असा असतो: "खरा विश्वासणारा कधी घाबरत नाही. शास्त्रात ३६५ वेळा 'भिऊ नको' लिहिले आहे, वर्षाच्या प्रत्येक दिवसासाठी एक. देव झेपेल त्यापेक्षा जास्त ओझे देत नाही. हिशेब करत बसू नकोस, विश्वासाने उडी मार, देव झेलेल. तरीही अपयश आले तर स्वतःचा विश्वास तपासून बघ. आमेन म्हणा आणि दहा जणांना पाठवा."

पाठवणाऱ्यांच्या मनात काही वाईट नसते. बहुतेकदा ती कोणाची तरी मावशी किंवा आजी असते आणि तिला आपल्या लेकराला धीर द्यायचा असतो. पण मी चर्चच्या तरुण संघाबरोबर बरीच वर्षे काम करते आहे आणि हा मेसेज कोणाच्या वर्मी लागतो ते मला दिसते. म्हणून त्यातले एकेक वाक्य घेते.

३६५ चा आकडा आधी बाजूला करू, कारण त्याला वेळ लागत नाही. पवित्र शास्त्राचे, म्हणजे बायबलचे, अ‍ॅप प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आहे. 'भिऊ नको', 'भिऊ नका', 'घाबरू नको' सगळे शोधून मोजा, गोळाबेरीज ३६५ च्या जवळपासही जात नाही. आकडा चुकला तर काय बिघडले, असे कोणी म्हणेल. पण ही वचने कोणाला सांगितली आहेत ते मेसेजमध्ये गाळले गेले आहे आणि तिथेच बिघडते. इस्राएलाला सोडवायला देवाने निवडलेल्या गिदोनाचेच घ्या. शत्रू असलेल्या मिद्यानी लोकांच्या नजरेस पडू नये म्हणून तो द्राक्षकुंडात लपून गहू झोडत होता. पुढे बआल या परक्या दैवताची वेदी पाडायची आज्ञा झाली तेव्हा घरच्यांच्या आणि गावच्या लोकांच्या भीतीने त्याने ते काम रात्री केले. शास्ते ६:२७ मध्ये हे स्वच्छ लिहिले आहे. देवाने त्याला 'आधी दिवसा करून दाखव, मग पुढचे बोलू' असे म्हटले नाही. रात्री पाडलेली वेदी देवाने मान्य केली.

आता मुख्य वाक्य: "खरा विश्वासणारा कधी घाबरत नाही." याच्या आधाराला २ तीमथ्य १:७ दिले जाते. देवाने आपल्याला भित्रेपणाचा नव्हे तर सामर्थ्याचा, प्रीतीचा व संयमनाचा आत्मा दिला आहे, हे ते वचन. वचन खरे आहे आणि मलाही प्रिय आहे. पण ते कोणी कोणाला लिहिले? वडिलांच्या ठिकाणी असलेल्या प्रेषित पौलाने, लेकरासारख्या तरुण सेवक तीमथ्याला, त्याचे अश्रू आठवून, त्याच्या आजीचे आणि आईचे नाव घेऊन. अनोळखी माणसांना पाठवलेली ती धमकी नव्हती. आणि त्याच तीमथ्याविषयी पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला, म्हणजे तिथल्या विश्वासणाऱ्यांना, काय लिहिले, ते कोणी फॉरवर्ड करत नाही. १ करिंथ १६:१० मध्ये तो सांगतो की तीमथ्य आला तर त्याला तुमच्यात निर्भयपणे राहता येईल असे पाहा. पुढच्याच वचनात म्हणतो, कोणी त्याला तुच्छ लेखू नये.

इथे मी थोडी थांबणार आहे, कारण माझे सगळे म्हणणे याच वचनावर उभे आहे. तीमथ्याने घाबरू नये यासाठी पौलाने मंडळीला कामाला लावले. तरुण सेवक बिचकत असेल तर त्याची जबाबदारी त्याच्या एकट्याच्या माथी मारली नाही. ज्यांच्यात तो येणार होता त्यांना पौलाने सांगितले की तुम्ही कसे वागता यावर त्याचे निर्भय राहणे अवलंबून आहे. आपला मेसेज नेमके याच्या उलट करतो. धैर्य हा एकट्या माणसाचा प्रश्न ठरवतो आणि त्याच्याकडे ते नसेल तर बाकीचे मोकळे.

पौल स्वतः तरी कसा होता? करिंथला आपण अशक्त, भयभीत आणि थरथरत आलो, हे त्यानेच त्या मंडळीला लिहिले आहे. त्याच शहरात रात्री प्रभूने त्याला दृष्टान्तात म्हटले, भिऊ नको, बोलत राहा, या नगरात माझे पुष्कळ लोक आहेत. धीर देताना प्रभूने माणसांचा हवाला दिला. प्रेषितांची कृत्ये ४ मध्ये येशूचे शिष्य पेत्र आणि योहान यहुद्यांच्या न्यायसभेकडून धमक्या ऐकून परत येतात ते थेट आपल्या माणसांकडे, आणि सगळे मिळून धैर्य मागतात. जे आपल्यापाशी भरपूर आहे ते कोणी असे मागत नाही. धरून नेण्याच्या रात्री गेथशेमाने बागेत तर प्रभू येशूच व्याकूळ झाला आणि त्याने तीन शिष्यांना जवळ राहायला सांगितले. ते झोपी गेले, ही गोष्ट वेगळी. पण त्याने सोबत मागितली होती. घाबरणारा माणूस विश्वासणारा नसतो असे म्हणायचे असेल तर ते त्या बागेत उभे राहून म्हणावे लागेल.

"देव झेपेल त्यापेक्षा जास्त ओझे देत नाही." २ करिंथ १:८ वाचा. आशियात आलेल्या संकटाविषयी पौल म्हणतो की ते शक्तीपलीकडचे होते, जगण्याची आशासुद्धा उरली नव्हती. ज्या वचनावरून हे वाक्य काढतात ते १ करिंथ १०:१३ परीक्षेत टिकण्याविषयी आहे, कर्जाच्या हप्त्याविषयी किंवा आईच्या डायलिसिसविषयी नाही. ज्याच्यावर खरोखरच न झेपणारे ओझे आहे त्याला हे वाक्य ऐकवले की तो मदत मागायचा थांबतो. मी हे पाहिले आहे.

"हिशेब करत बसू नकोस, उडी मार." आमच्या ओळखीतली एक बहीण हिंगण्याच्या कंपनीतली नोकरी सोडून केकचे दुकान टाकायच्या विचारात होती. वहीत तिने ओव्हनची किंमत, दुकानाचे डिपॉझिट, वीजबिल, आणि 'मे महिन्यात क्रीम टिकेल का' असा एक प्रश्न लिहून ठेवला होता. नागपूरच्या मे महिन्यात हा प्रश्न न विचारणारा माणूस केकच्या धंद्यात पडूच नये. प्रार्थनासभेत तिने वही दाखवली तेव्हा एकांनी सांगितले, "बेटा, हिशेब करतेस म्हणजे विश्वास नाही." तिने वही पिशवीत टाकली आणि नंतर तो विषय काढला नाही. दुकान चालले असते की नाही, मला ठाऊक नाही. पण बुरूज बांधायच्या आधी बसून खर्चाचा अंदाज घेणाऱ्याचे उदाहरण प्रभूनेच दिले आहे, लूक १४ मध्ये. पौल करिंथमध्ये सुवार्ता सांगत होता तेव्हा तंबू शिवून पोट भरत होता. आणि 'उडी मार, देव झेलेल' हे वाक्य शास्त्रात खरेच सापडते. मंदिराच्या शिरोभागावर उभे करून सैतान ते येशूला म्हणतो, वर स्तोत्रातले वचनही काढून दाखवतो. येशूने उडी मारली नाही.

पेत्र पाण्यावर चालला ना, असे यावर हमखास विचारतात. चालला. त्याने आधी आज्ञा मागितली, 'ये' असे ऐकल्यावर पाय खाली टाकला, आणि वारा पाहून बुडू लागला. 'अरे अल्पविश्वासी' हे शब्द प्रभूने त्याला नक्की ऐकवले. पण मत्तय १४:३१ मधला क्रम पाहा. आधी लगेच हात पुढे करून धरले, मग विचारले. आपण नाकातोंडात पाणी जाणाऱ्याला काठावरून विचारतो.

शेवटचे आणि सगळ्यात जास्त दुखावणारे: "अपयश आले तर स्वतःचा विश्वास तपास."

एक मुलगा स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी बर्डीच्या एका अभ्यासिकेत सकाळी सातला डबा घेऊन जायचा. पूर्वपरीक्षा निघाली तेव्हा घरी उपकारस्तुतीची प्रार्थना झाली, पुलाव झाला, फोटो ग्रुपवर आले. मुख्य परीक्षेत तो राहिला. ग्रुपवर हाच मेसेज आला, कदाचित त्याच्यासाठी नसेलही. त्यानंतर तो उपासनेला उशिरा येऊन दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसू लागला. शेवटचा आशीर्वाद सुरू झाला, सगळ्यांनी डोळे मिटले की हा बाहेर. आपण डोळे उघडेपर्यंत त्याची बाईक फाटकातून गेलेली असायची. पुढे एकदा त्याने मला सांगितले, "आंटी, पेपरची भीती नव्हती वाटत मला. फाटकाजवळ कोण काय विचारील, त्याची वाटायची."

आपल्या तरुणांची अपयशाची भीती पुष्कळदा हीच असते. आपला समाज लहान आहे, प्रत्येकजण कोणाचा ना कोणाचा चुलत-मावस असतो, आणि रविवारी साक्ष द्यायला, म्हणजे देवाने काय केले ते सगळ्यांपुढे सांगायला, उभा राहतो तो पास झालेला, नोकरी लागलेला, व्हिसा मिळालेला. नापास झालेला माणूस साक्षीला उभा राहिलेला मी क्वचितच पाहिला आहे. वर्षानुवर्षे असेच ऐकत वाढलेल्या मुलाने काय समजावे?

इब्री ११ हा विश्वासाचा अध्याय आपण मुलांकडून पाठ करून घेतो, आणि बहुधा चौतिसाव्या वचनापाशी थांबतो. तिथपर्यंत सिंहांची तोंडे बंद होतात, राज्ये जिंकली जातात. पस्तिसाव्या वचनाच्या मध्यापासून माणसे हालहाल होऊन मरतात, फटके खातात, करवतीने चिरली जातात, मेंढरांची कातडी पांघरून रानोमाळ भटकतात. एकोणचाळिसावे वचन सांगते की या सर्वांविषयी त्यांच्या विश्वासामुळे साक्ष दिली गेली, तरी त्यांना वचनफल मिळाले नाही. सिंहाच्या तोंडून सुटलेले आणि करवतीखाली गेलेले, दोघांचा विश्वास एकाच यादीत. कोणाचा कमी पडला म्हणून करवत आली, असे तिथे कुठेही लिहिलेले नाही.

आणि नागपूरकरांना हे कळायला फार लांब जावे लागत नाही. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये इथे आले तेव्हा भोसल्यांचे राज्य होते. पुढच्या वर्षी त्यांनी शाळा काढली. गोंडांची भाषा, गाणी, चालीरीती टिपून ठेवल्या, आसपासच्या खडकांतले जीवाश्म गोळा केले. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची जुनी दगडी वर्तुळे पाहून परतताना वाटेतल्या ओढ्याच्या पुरात ते बुडाले. वय ४५. पत्नी आणि मुले मागे राहिली, गोंडांवरचे लेखन अपुरे राहिले. ते कागद इंग्रज अधिकारी रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापले. त्यांच्या नावाचे कॉलेज १८८३ मध्ये उभे राहिले, म्हणजे ते जाऊन वीस वर्षांनी. कॉलेज झाले म्हणून त्यांचे जगणे सफल ठरले असे मी म्हणणार नाही, तसे म्हटले तर मीही या मेसेजच्याच रांगेत बसेन. कॉलेज झाले नसते तरी त्यांचा विश्वास तेवढाच राहिला असता. पण सप्टेंबर १८६३ मध्ये हा मेसेज असता, तर त्या विधवा बाईंनाही कोणीतरी तो पाठवला असता.

एक गोष्ट मात्र मेसेजच्या बाजूने मान्य करायला हवी. भीतीपोटी काहीच न करणे प्रभूला आवडत नाही. मत्तय २५ मधल्या दाखल्यात धनी तीन दासांकडे रुपये सोपवून जातो; त्यातल्या ज्याने ते जमिनीत पुरून ठेवले, त्याला कडक शब्द ऐकावे लागले. त्याचे कारण त्याच्याच तोंडी आहे, मी भ्यालो. पण तो कोणाला भ्याला? आपल्या धन्याला. तुम्ही कठोर माणूस आहात, पेरले नाही तिथे कापणी करता, असे तो धन्याच्या तोंडावर म्हणतो. धनी असाच असेल तर रुपये पुरून ठेवणे शहाणपणाचेच. 'हरलास तर तुझाच विश्वास कमी' असे रोज सांगून आपण मुलांपुढे देवाचे हेच चित्र उभे करतो, आणि मग ती फॉर्मच भरत नाहीत, गायला उभी राहत नाहीत, सेवेसाठी नाव देत नाहीत, म्हणून कुरकुरतो. ज्या दोन दासांनी व्यापार केला त्यांना तोट्याची शक्यता दिसत नव्हती असे थोडेच आहे? धन्याविषयी त्यांचे मत वेगळे होते.

आमच्या संघात आता परीक्षेला किंवा मुलाखतीला जाणाऱ्यासाठी प्रार्थना होते, तेव्हाच निकालाच्या संध्याकाळी त्याच्या घरी कोण जाणार ते ठरते. निकाल काहीही लागो, ते दोघे जातात. चहा पितात, स्तोत्र वाचतात, कधी नुसते क्रिकेट बघून परत येतात. अभ्यासिकेतल्या त्या मुलाकडेही असे जाणे झाले. पुढची जाहिरात आली तेव्हा त्याने पुन्हा फॉर्म भरला. या वेळी आधी घाबरत घाबरत संघात सांगितले आणि मग भरला.

उरले ते दहा जणांना पाठवणे. माझे म्हणणे, एकालाही पाठवू नका. ज्या दहा जणांची नावे तुमच्या डोळ्यांपुढे आली, त्यात ज्याचा निकाल या महिन्यात लागायचा आहे त्याला फोन लावा, तारीख विचारून घ्या, आणि त्या दिवशी संध्याकाळी घरी येतो म्हणून आजच सांगून ठेवा.